हेड्रियनची भिंत: चालायची जास्त, दिसायची कमी

हेड्रियन्स वॉल पाथला निघणाऱ्यांना आधीच सांगून ठेवते: वाट १३५ किलोमीटरची आहे, पण त्यातल्या बऱ्याचशा अंतरात भिंत दिसतच नाही. इ.स. १२२ च्या सुमारास रोमन सम्राट हेड्रियनच्या हुकमावरून तीन लीजननी (रोमन सैन्याच्या मोठ्या पलटणींनी) ती उत्तर इंग्लंडमध्ये आडवी बांधली. पुढे तिचे घडीव दगड लोकांनी घरांना, गोठ्यांना, चर्चना लावून टाकले.

वहिनी आणि मी न्यूकॅसलजवळच्या वॉल्सएंडहून निघालो. पश्चिमेकडे चालायचं म्हणजे वारा-पाऊस बहुधा तोंडावरच, म्हणून काही जण उलटे येतात. मला मात्र शहर आधी उरकायचं होतं. सुरुवातीचा डांबरी, नदीकाठचा भाग खरंच उरकण्यासारखा आहे.

या वाटेचा एक पासपोर्ट मिळतो. सात ठिकाणी शिक्के मारून घ्यायचे, तेही मे ते ऑक्टोबरमध्येच. हिवाळ्यात जमीन भिजून मऊ होते आणि खाली गाडलेले अवशेष बुटांनी तुडवले जातात. म्हणूनच गवतावरून एकामागोमाग न चालता शेजारी-शेजारी चाला, म्हणजे पायवाट खणली जात नाही, असंही सांगतात. भिंतीवर चढायचं नाही. गडावर गेलं की पहिल्यांदा तटावर चढणाऱ्या आम्हाला हे जरा जडच गेलं.

हेडन गावात पहिल्यांदा भिंतीचा लांब तुकडा भेटतो. मग पुन्हा शेतं, मेंढ्या, आणि शेजारून सुसाट गाड्या. हा रस्ता अठराव्या शतकातला. १७४५ च्या जॅकोबाइट बंडात, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या समर्थकांच्या बंडात, सरकारी सैन्याला न्यूकॅसलहून पश्चिमेच्या कार्लाइलकडे तोफा नेता येईनात, म्हणून नंतर तो बांधला; आणि बऱ्याच ठिकाणी भिंत पाडून तिच्याच पायावर! लष्करानं बांधलं, लष्करानंच पाडलं.

चेस्टर्सच्या रोमन किल्ल्यापुढे मात्र सगळे पैसे वसूल. भिंत व्हिन सिल नावाच्या कड्याच्या धारेवर चढते. हा खडक डोलेराइट, म्हणजे आपल्या बसाल्टच्याच कुळातला. काळाकरडा, उत्तरेला सरळ तुटलेला. हाउसस्टेड्सच्या किल्ल्यात सैनिकांचं शौचालय पाहण्यासारखं आहे: ओळीनं बसायची सोय, खाली खोल गटार, समोर धुण्यासाठी दगडी पन्हळ. वहिनी तिथे फार वेळ रमली. ती सिव्हिल इंजिनियर, तिला पाण्याचा उतार पाहायचा होता.

इथून स्टील रिगपर्यंत चढ, खिंड, परत चढ. दगडी पायऱ्या ओल्या असल्या की उतरताना गुडघे बोलू लागतात, काठ्या न्याच. एका खिंडीतलं प्रसिद्ध सिकॅमोरचं झाड सप्टेंबर २०२३ मध्ये रात्रीतून कुणीतरी कापलं. आता तिथे बुंधा आहे. विनशील्ड्स हा सगळ्यात उंच भाग, अवघा ३४५ मीटर, पण वारा असा की डबा उघडायची सोय नाही.

बर्डोस्वाल्डनंतर भिंत हळूहळू संपते. कार्लाइलच्या पुढे सगळं सपाट, आणि बर्ग-बाय-सँड्सनंतरच्या दलदलीतला रस्ता मोठ्या भरतीला पाण्याखाली जातो. त्यामुळे भरतीचं वेळापत्रक आदल्या रात्रीच पाहा. बोनेसला शेवटचा शिक्का मिळतो. तिथून कार्लाइलला बस आहे, पण दिवसातून मोजक्याच, तेव्हा आधी बसची वेळ बघा आणि मग फोटो काढा.