आप्पा खुर्चीतून का घसरायचे

पॅरालिसिसचा अ‍ॅटॅक आला आणि आप्पांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, डावी बाजू गेली. बोलणं शाबूत, उजवा हात-पाय चांगला. व्हीलचेअर सर्जिकलच्या दुकानातून आणलेली, घडीची, १८ इंच रुंद बैठकीची. तासाभरात ते तिच्यात इतके खाली घसरत की हनुवटी छातीला टेके आणि अंग डावीकडे कलंडे. मग घरात जो तो ‘आप्पा, नीट बसा’ म्हणणार. डॉक्टरांनी ऑक्युपेशनल थेरपीकडे (रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून असते ती) पाठवलं ते मानेला आधार लावून घ्यायला.

थेरपिस्टबेन मानेकडे बघायलाच तयार नव्हत्या. आधी चौकशी. वडोदऱ्यातलं आमचं दांडिया बाजारातलं घर जुनं का, उंबरे केवढे, न्हाणीघराचं दार किती रुंद, दिवसभरात खुर्चीत किती वेळ आणि हिंचक्यावर किती. (वडोदऱ्यात हे विचारावंच लागतं!) खुर्ची स्वतः ढकलता का, यावर आप्पा त्यांच्याशी गुजरातीतच बोलले, ‘पगथी चलावुं छुं.’ उजव्या हाताने चाकाची कडी आणि उजव्या पायाने जमीन रेटत ते पुढे जातात. बेननी हे लिहून खाली रेघ मारली.

मग त्यांना खुर्चीतून काढून टेबलावर उताणं निजवलं. कमरेला पुढून दोन हाडांची टोकं लागतात, त्यांवर अंगठे ठेवून दोन्ही एका रेषेत आहेत का ते पाहिलं. डावी बाजू उतरलेली होती, पण हाताने सरळ होत होती. सगळं यावर ठरतं म्हणे. कंबर सरळ होत असेल, तर उतरलेल्या बाजूखाली भर घालून ती वर आणायची. तशीच घट्ट झाली असेल, तर उलट चढलेल्या बाजूखालची पोकळी भरायची आणि वाकडेपणा सांभाळून घ्यायचा. ओढूनताणून सरळ करायला गेलं की सगळा भार एका हाडावर येतो आणि तिथे जखम होते.

पुढे डावा गुडघा छातीकडे नेला. ८० अंशांच्या आसपास सांधा अडला, त्यापुढे रेटलं की कंबरच मागे गुंडाळली जायची. म्हणजे पाठ अगदी काटकोनात नको, जरा मागे हवी. मांडीमागचे स्नायूही आखडलेले, त्यामुळे पाय लांब करून ठेवणारं पायटं (खुर्चीची पाय ठेवायची फळी) बाद. ते पाय ओढतं, पाय कंबर ओढतो आणि माणूस घसरतो.

नंतर टेबलाच्या कडेला बसवलं, पावलांखाली लाकडी ठोकळा. हात न टेकता आप्पा थोडा वेळ तग धरत, मग उजवा हात खाली जाई. बेननी पंचाची घडी करून डाव्या कुल्ल्याखाली सरकवली आणि मागून दोन्ही हातांनी कंबर धरली. माझ्या डोळ्यांदेखत डावा खांदा वर आला आणि मान उभी राहिली. मानेला कोणी हातही लावला नव्हता.

मापं घेताना मूळ दुखणं सापडलं. गुडघ्यामागच्या खळीपासून चपलेच्या तळापर्यंत १७ इंच. जुन्या खुर्चीची बैठक जमिनीपासून साडेएकोणीस, वर आम्ही घातलेला २ इंची फोम. उजवा पाय जमिनीला पोचायचा तर घसरण्यावाचून गत्यंतरच नव्हतं! त्यात कापडी बैठकीची झोळी झालेली, दोन्ही मांड्या आत ढकलणारी.

प्रिस्क्रिप्शन असं झालं: १६ इंची रुंदी, खोली मांडीच्या मापापेक्षा दोन बोटं कमी, म्हणजे गुडघ्यामागे कड रुतणार नाही, झोळीऐवजी खाली उतरवून बसवलेली प्लायची पक्की बैठक, मागचं चाक वरच्या भोकात आणि पुढची चाकं लहान, म्हणजे गादीसकट उंची १७ च्या आसपास. उजवं पायटं काढलेलं.

खुर्ची आल्यावर बेननी तळहात वर करून बैठकीच्या हाडाखाली बोटं सरकवली. बोटाचं टोक वरखाली ५ मिलिमीटर तरी हललं पाहिजे. अडकलं, तर ती गादी धोक्याची. मग अर्धा तास बसवून कातडी पाहिली. डावीकडे लाली होती, पण ती लवकर गेली. रेंगाळली असती तर गादी बदलावी लागली असती.

न्हाणीघराचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. चाकं आणि कड्या धरून १६ इंची खुर्चीही २४ पर्यंत जाते, आणि आमचं दार २४ च आहे. तिथे वेगळी कमोडची खुर्ची घेतली. तुम्ही जाणार असाल तर जुनी खुर्ची, वापरातली गादी आणि रोजची चप्पल बरोबर न्या, आणि दारांची मापं घरूनच लिहून न्या. जुन्या खुर्चीत बसल्याबसल्या टेप लावून कोणी मापं घेऊ लागलं, तर आधी निजवून बघायला सांगा.