नटाचे मत आणि चाहत्याचे प्रेम

बुधवार, रात्र

शाळेत असल्यापासून ज्याचे काम मी पाहत आले, ज्याच्या आवाजातले चढउतार मला पाठ आहेत, अशा एका नटाने परवा ज्या राजकीय मागणीला जाहीर पाठिंबा दिला, ती मला मुळातच अन्यायाची वाटते. हा लहानसहान मतभेद नाही. काही माणसांच्या नागरिक म्हणून असलेल्या हक्कांनाच त्या मागणीने धक्का लागतो. त्यामुळे हा माणूस माझ्या मनातून उतरला का, आणि उतरला असेल तर त्याच्याबरोबर त्याचे कामही उतरले का, हा प्रश्न तेव्हापासून माझी पाठ सोडत नाही.

नटाने अभिनय करावा, राजकारणात पडू नये, असे जवळच्या अनेकांनी सुचवले. मला ते मान्य नाही. नट कर भरतो, मतदान करतो, कायद्यांचे बरेवाईट परिणाम इतरांसारखेच भोगतो; त्याने मत बाळगावे पण ते बोलून दाखवू नये, असे सांगण्याचा अधिकार तिकीट काढल्याने मिळत नाही. शिवाय असा आग्रह धरणारेच, नट त्यांच्या बाजूने बोलला की त्याला निर्भीड म्हणतात.

खरे दुखणे वेगळे आहे. पडद्यावर पाहिलेला माणूस आपण मनात घेऊन फिरतो आणि प्रत्यक्षातल्या माणसाने त्याच्याशी इमान राखावे, अशी अपेक्षा करतो. निळू फुले यांनी मग्रूर पाटील, सरपंच आणि पुढारी इतक्या अस्सलपणे उभे केले की बायकांना त्यांची खरोखरच धास्ती वाटे. प्रत्यक्षात ते राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून घडलेले समाजवादी कार्यकर्ते होते आणि पडद्यावर ज्या सत्तेचा माज त्यांनी दाखवला, तिच्याविरुद्धच्या चळवळींत ते आयुष्यभर वावरले. ही तफावत आपण कौतुकाने सांगतो, कारण इथे माणूस भूमिकेहून मोठा निघाला. पण पडद्यावरचा खलनायक घरी खलनायक नसतो हे ज्याला पटते, त्याने पडद्यावरचा न्यायी नायक घरीही न्यायी असेलच असे नाही, हेही मानायला हवे. पहिली गोष्ट आनंदाने स्वीकारायची आणि दुसरीला विश्वासघात म्हणायचे, हे मला पटत नाही, मग मनाला कितीही लागो.

डॉ. श्रीराम लागू यांचे उदाहरण मला याहून महत्त्वाचे वाटते. देवाला निवृत्त करण्याची वेळ आली आहे, असे त्यांनी उघडपणे लिहिले आणि त्यावरून उठलेल्या वादळानंतरही ते आपल्या म्हणण्यापासून हटले नाहीत. त्यांच्या प्रेक्षकांत श्रद्धाळू माणसे कमी नव्हती. जे त्या माणसांना सर्वांत प्रिय, तेच रंगमंचावरच्या या माणसाला अमान्य आहे हे ठाऊक असूनही त्यांच्यातले कितीतरी जण त्यांची नाटके पाहत राहिले, घरी जाऊन त्यांच्याशी मनातल्या मनात भांडलेही असतील. चाहत्याचे प्रौढपण मला इथे दिसते.

मत आणि कृती यांच्यात मात्र मी फरक करते. ली जे. कॉब या अमेरिकी नटाचा विचार मी आज बराच वेळ करत होते. १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर एका थकलेल्या फिरत्या विक्रेत्याच्या भूमिकेने त्याचे मोठे नाव झाले. पुढे साम्यवादी असल्याच्या आरोपावरून अमेरिकी संसदेच्या चौकशी समितीने त्याच्यामागे लकडा लावला. सुमारे दोन वर्षे तो साक्षीला नकार देत राहिला, त्या काळात काम मिळेनासे झाले, पैसे संपले, पत्नी रुग्णालयात होती, आणि अखेर १९५३ मध्ये त्याने आपल्या जुन्या सहकाऱ्यांची नावे समितीला दिली. अशा साक्षींत ज्यांची नावे आली, त्यांच्यातल्या अनेकांचा रोजगार वर्षानुवर्षे बंद पडला. चारच वर्षांनी कॉबने पडद्यावर एका हट्टी ज्यूरी सदस्याची भूमिका केली, आणि स्वतःच्या मुलाविषयीचा सल बाहेर येताच कोसळणारा तो माणूस मी पाहिला आहे. मला कॉबचा राग येत नाही, त्याच्या जागी मी काय केले असते ते सांगता येत नाही. पण ती नावे विसरून मी ते काम पाहू शकत नाही, आणि विसरावीत असे मला वाटतही नाही. त्याचा अभिनय त्यामुळे कमी ठरत नाही, फक्त पाहणे अधिक अवघड होते.

चाहत्याने सर्वांत सावध राहावे ते भूमिकेवरचे प्रेम मतपेटीत उतरवले जाते तेव्हा. एम. जी. रामचंद्रन यांनी पडद्यावर गरिबांचा कैवारी जाणीवपूर्वक घडवला आणि १९७७ मध्ये ते तामिळनाडूचे मुख्यमंत्री झाले, एन. टी. रामाराव यांना लोकांनी राम आणि कृष्ण म्हणून मनात बसवले होते, १९८२ मध्ये त्यांनी पक्ष काढला आणि पुढच्याच जानेवारीत आंध्र प्रदेशात सत्ता मिळवली. त्यांचा कारभार कसा होता हा इथे प्रश्न नाही. लेखकाने लिहिलेले चांगुलपण, दिग्दर्शकाने बसवलेला आवेश आणि वेशभूषेने दिलेले तेज यांच्या जोरावर नट मत मागतो, तेव्हा त्याची राजकीय भूमिका हा चाहत्याचा पुरेपूर विषय ठरतो. अशा वेळी इतर कुठल्याही उमेदवाराला विचारू ते सगळे प्रश्न त्याला विचारायला हवेत, किंबहुना दोन अधिकच.

मी स्वतः पाठ फिरवणे आणि इतरांना पाहू न देणे, या दोन गोष्टी लोक सर्रास एक समजतात. आणीबाणीत सरकारी प्रचाराला साथ दिली नाही म्हणून १९७६ मध्ये किशोर कुमार यांची गाणी आकाशवाणी आणि दूरदर्शनवरून बंद झाली. चार्ली चॅप्लिन १९५२ मध्ये लंडनच्या वाटेवर असताना अमेरिकेने त्याची परतण्याची परवानगी काढून घेतली, आणि त्यानंतर वीस वर्षे तो तिथे गेला नाही. या निर्णयांत चाहत्यांना कोणी विचारले नव्हते. बंदी आणि जमावाची दहशत यांना मी चाहत्याची नाराजी म्हणणार नाही.

माझ्यापुरते सांगायचे तर परवा बोललेल्या त्या नटाचे जुने चित्रपट मी पाहत राहीन. उद्या त्याच भूमिकांमधले संवाद तो प्रचाराच्या व्यासपीठावरून म्हणू लागला, तर त्याच्या नव्या चित्रपटाचे तिकीट मी काढणार नाही; आणि कोणी त्याचे खेळ बंद पाडायला निघाले, तर त्याच्या मताला असलेला माझा विरोध कायम ठेवून मी त्यांच्या विरोधात बोलेन. दरम्यान त्याला पत्र लिहायला घेतले आहे. त्याच्या कामाने मला काय दिले ते त्यात मनापासून लिहिले आहे, आणि ज्या माणसांच्या हक्कांविषयी तो इतक्या सहजपणे बोलला, त्यांच्याबद्दल मला जे ठाऊक आहे तेही तितक्याच सविस्तर लिहिणार आहे.