आईची वही, नोंद ४: पॅनडॉकची दोन घरं

मागच्या नोंदीत मी फुशारकीने लिहिलं होतं की वहीचं काम आता मार्गी लागलं. कसलं काय. दोन रविवार पाण्यात गेले, आणि कारण निघालं एक रिकामं फोल्डर.

नवीन वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: आईच्या स्वयंपाकाच्या वह्या मी मार्कडाउनमध्ये (साध्या मजकुरात खुणा घालून लिहायची पद्धत) टाइप करतोय. खापरावरचे मांडे, कानबाईचे रोट, कळण्याची भाकरी, पऱ्हाटीवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत. पॅनडॉकने (एका प्रकारची फाइल दुसऱ्या प्रकारात बदलणारा प्रोग्राम) त्याची डॉक्स, म्हणजे वर्डची फाइल करायची, धुळ्याला छापून आणायची आणि प्रत्येक मावशीच्या हातात एकेक प्रत द्यायची, एवढाच बेत.

कच्ची प्रत आईला दाखवली. तिने कागद लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाली, "माले काहीच दिसत नई भाऊ, अक्षर मोठं कर." आता गंमत अशी की रेफरन्स डॉक्समध्ये (पॅनडॉक जिच्यातून अक्षराचा आकार नि रंग उचलतो ती नमुना फाइल) मी अक्षर आधीच १६ पॉइंट केलं होतं. कागदावर मात्र १२च.

फाइल वाचली जातेय की नाही हे कळावं म्हणून त्यात शीर्षकांना केळीच्या पानासारखा हिरवागार रंग दिला. पुन्हा चालवलं, तर शीर्षकं निळीच. म्हणजे माझ्या फाइलकडे पॅनडॉक ढुंकूनही बघत नव्हता. बरं, तो तक्रारही करत नाही. फाइल सापडली नाही तर गपगुमान स्वतःच्या पोटातली मूळ फाइल वापरतो. मला याचाच सगळ्यात जास्त राग येतो.

मग डेटा-डिरेक्टरीचा, म्हणजे नमुना फाइल कुठल्या फोल्डरमध्ये शोधायची ते सांगणारा ऑप्शन हाताने दिला, तरी ढिम्म. एक अख्खी संध्याकाळ यात गेली. चूक माझीच. ऑप्शनपुढे बरोबरचं चिन्ह आणि त्याला चिकटून टिल्डे (~, होम फोल्डरची खूण) लिहिला, तर बॅश (आपण टाइप केलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्राम) त्या टिल्डेचं होम फोल्डर करत नाही. पॅनडॉक बिचारा टिल्डे नावाचं फोल्डर शोधत बसला. मध्ये जागा सोडा किंवा पूर्ण पत्ता लिहा.

शेवटी जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं: पॅनडॉकला व्हर्जन विचारलं. त्या उत्तरात यूजर डेटा डिरेक्टरीचा पत्ताही छापून येतो. पत्ता होता होममधल्या डॉट-लोकल, त्यातल्या शेअर, त्यातल्या पॅनडॉकचा. माझी फाइल मात्र जुन्या घरी, म्हणजे होममधल्या डॉट-पॅनडॉकमध्ये.

घर बदललं २०१९ साली, २.७ आवृत्तीत. पण नवं फोल्डर नसेल आणि जुनं असेल, तर पॅनडॉक जुन्यात बघतो, म्हणून माझं इतके दिवस निभावलं. गेल्या महिन्यात एक लुआ फिल्टर (पॅनडॉकच्या कामात फेरफार करणारा छोटा कोड) करून बघायचा म्हणून मी नवं फोल्डर तयार केलं, फिल्टर राहून गेला आणि फोल्डर तसंच रिकामं पडलं. पॅनडॉकला तेवढं पुरतं. नवं घर दिसलं की आत काही असो नसो, जुन्याचं दार तो वाजवत नाही. सगळं नव्या घरी हलवलं, जुनं फोल्डर उडवलं. (विंडोजवर हेच सामान ॲपडेटाच्या रोमिंगमध्ये असतं. ॲपडेटा लपवलेलं फोल्डर आहे, भाच्याच्या लॅपटॉपवर शोधताना आधी लपलेल्या फायली दाखवायला सांगावं लागलं.)

शीर्षकं हिरवी झाली. अक्षर? १२च!

हा आजार वेगळा. डॉक्समध्ये प्रत्येक स्टाइलला आकाराची दोन खाती असतात, एक रोमन लिपीचं आणि एक कॉम्प्लेक्स स्क्रिप्टचं. देवनागरी दुसऱ्या खात्यात मोडते. माझे १६ पहिल्यात जमा झाले होते. लिब्रेऑफिसच्या ऑप्शन्समध्ये भाषांखाली कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटची खूण केली, तेव्हा कुठे स्टाइलच्या फॉन्ट टॅबमध्ये दुसरं खातं दिसलं. तिथे १६ टाकले, काम फत्ते.

नवी प्रत आईने चष्म्याशिवाय वाचली. दुसऱ्याच पानावर बोट ठेवलं. रोटाच्या गव्हापुढे "सव्वा मूठ" ऐवजी मी "सव्वा किलो" टाइप केलं होतं.

पीडीएफचं पुढच्या खेपेला. झीलाटेकमध्ये (पॅनडॉक ज्याच्याकडून पीडीएफ करून घेतो तो प्रोग्राम) वेलांट्या अजून जागा सोडून उड्या मारतायत, फॉन्टच्या ऑप्शनमध्ये स्क्रिप्ट देवनागरी लिहायचं राहिलंय असा अंदाज आहे.