थार अपडेट: मागचा ठोक सापडला, पण शॉकअप परत उतरवायला लागणार

सापडला एकदाचा, माझ्या महिंद्रा थारच्या मागून येणारा तो ठण्ण आवाज. तीन आठवडे, दोनदा बुश (जोडातली रबरं), एकदा सायलेन्सरचं रबर आणि घरच्यांचे टोमणे एवढं सगळं खर्ची पडल्यावर परवा रात्री साडेदहाला गाडीखाली पडल्या पडल्या सापडला.

मागचं वाचलेल्यांना माहितीय, गाडी जुनी सीआरडीई, पुढे टॉर्शन बार (पीळ बसून स्प्रिंगचं काम करणारा दांडा) मागे पाटे (२०२० नंतरच्या कॉइलवाल्यांनी हे वाचून नुसतं हसावं), दिवाळीत मागचा एक पाटा काढला, पाट्याचं टोक चेसिसला जोडणारे शॅकल लांब घातले, आणि आता हे नवे गॅसवाले ट्विन ट्यूब (नळीत नळी असलेले) शॉकअप, डब्यावर छापलंय 'दोन इंच लिफ्टसाठी', म्हणजे तेवढी उंच केलेल्या गाडीसाठी. साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या घाटात पहिल्याच दिवशी फरक कळला, वळणाला गाडी झुलायची ती बंद, ब्रेक मारल्यावर नाक घासायची सवय पण गेली, मी खुश. मग ठोसेघर सोडून वर चाळकेवाडीला पवनचक्क्यांकडच्या कच्च्या रस्त्याला लागलो आणि मागून ठण्ण. बारक्या खड्ड्याला काय नाही, मोठ्याला हमखास, आणि लागोपाठ चार-पाच आले की दुसरा-तिसरा आवाज देणारच. हे लागोपाठवालं लक्षात ठेवा. (रस्त्यावरच होतो हां, कासच्या फुलांत चाकं घालणाऱ्यांशी आपलं जमत नाही.)

मिस्त्री म्हणाला, "दादा, शॉकअप नवाकोरा हाय, त्याला काय धाड भरलीय? बुश बघा." बुश बदलले. ठण्ण. यू बोल्ट परत आवळले, शॅकलला ग्रीस मारलं, ठण्ण. डीलरला फोन लावला तर "सर, लिफ्ट केली की लांब शॉकअपच लागतो" हे एकच वाक्य तीनदा, चौथ्यांदा फोनच उचलला नाही. नाव घेत नाही, पण ज्याला बंद लांबी (शॉकअप पूर्ण दबल्यावर उरते ती) किती विचारल्यावर "सर ब्रँडेड माल आहे" असं उत्तर येतं त्याच्याकडून मी तरी परत काय घेणार नाही.

शेवटी खडू आणि केबल टाय. एकूण खर्च १५ रुपये. शॉकअपच्या खालच्या बॉडीवर टाय आवळला, वरच्या कव्हरच्या काठाला टेकवून, म्हणजे कव्हर खाली आलं की टायला ढकलत नेतं आणि तिथंच सोडून परत जातं. बंप स्टॉपच्या (ॲक्सल, म्हणजे चाकांचा दांडा, फार वर आला तर ज्याला टेकून थांबतो त्या) रबराला खडू फासला. चाळकेवाडीला एक चक्कर, तीन ठण्ण, घरी येऊन बॅटरी लावून बघतो तर टाय पार तळाला गेलेला आणि रबरावरचा खडू जसाच्या तसा! म्हणजे ॲक्सल बंप स्टॉपला टेकायच्या आधीच शॉकअप आतल्या आत बुडाला लागतोय. मी गाडीखालीच ओरडलो, शेजारचं कुत्रं उठलं.

आता हिशोब बघा. गाडी उभी असताना होल टू होल, म्हणजे शॉकअपच्या वरच्या भोकापासून खालच्या भोकापर्यंत, ४२५ मिमी. ॲक्सल ते रबर ८०, रबर दबतं अंदाजे २०, झाले १००, शॉकअप तिरका आहे म्हणून त्याच्या रेषेत धरा ९०. म्हणजे तो बंद होऊन ३३५ किंवा कमी व्हायला पाहिजे. माझा होतो ३५२. सतरा मिमीला मार खाल्ला राव. आणि खरी गोम अशी की लिफ्ट केल्यावर गाडी उभी राहते ती उंची बदलते, पण ॲक्सल वर जाऊन जिथं टेकतो ती जागा तीच राहते, बंप स्टॉपला तुम्ही हात लावला नसेल तर. त्यामुळे चाक खाली लोंबताना लांब शॉकअप हवा हे खरंय, पण बंद लांबी जुनीच लागते. 'दोन इंच लिफ्ट' हे लेबल यातलं काहीच सांगत नाही. माझी मापं कॉपी करू नका, आपापली घ्या.

खालचा माउंट खाली घ्यावा असं आधी डोक्यात होतं, पण चाळकेवाडीच्या दगडात पहिलं तेच अडकणार. वरचा वर घ्यावा तर वेल्डिंग आलं. मग भंगारातल्या ट्रकच्या इंजिन माउंटिंगचं रबर आणलं, लेथवाल्याकडून २५ मिमी जाडीचं करून बंप स्टॉपखाली बोल्टवर बसवलं. आज सकाळी तीच चक्कर, शून्य ठण्ण. परतताना राजवाड्याजवळ थांबून कंदी पेढे घेतले, घरी सांगितलं प्रमोशन झालं.

इथपर्यंत लिहून 'बंद लांबी बघून दुसरे मागवतो' असं टाकणार होतो, पण ते लागोपाठवालं काय डोक्यातून जाईना. आणि आत्ता टाईप करताना ट्यूब पेटली. पाटा मी काढलाय, म्हणजे स्प्रिंग मऊ, पण शॉकअपचा रिबाउंड (दबल्यावर परत लांब होताना करतो तो विरोध) भरल्या पाट्यांच्या हिशोबाचा कडक. एका खड्ड्यात दबलेलं चाक पूर्ण खाली यायच्या आत दुसरा खड्डा येतो, मग तिसरा, गाडी मागून बसत बसत जाते आणि वर जायला जागाच उरत नाही. म्हणजे रबर हा अर्धाच इलाज.

दुसरे शॉकअप घ्यायचे तर मोनोट्यूबचा (एकाच नळीवाल्यांचा) प्लॅन होता, तो तूर्त बाद. गार राहतो हे मान्य, पण त्याचा पिस्टन थेट बाहेरच्या नळीत चालतो, दगडाचा एक पोचा आणि खेळ खलास, ट्विन ट्यूब तेवढं सोसतो. फोम सेलचा (आत गॅसऐवजी फोम असतो) पण विचार होता, तेलाला फेस येत नाही, पण माझं दुखणं फेसाचं नाहीच. आता नजर ॲडजस्टेबलवर (कडकपणा कमीजास्त करता येतो असा), रँचो कंपनीच्या आरएस ९००० एक्सएलला नॉबवर ९ सेटिंग असतात तसलं काहीतरी, फक्त ३३५ च्या आत बंद होणारं. नाहीतर काढलेला पाटा परत घालून बघतो, तो फुकटच आहे, मोरीजवळ पडलाय. खरंतर तेच आधी करायला पाहिजे, रविवारी करतो.

कुणी स्टॉक (कंपनीच्या मूळ) पाट्यांवर मागचं होल टू होल मोजलं असेल तर टाका, मी पाटा उतरवायच्या आधी मोजायचं विसरलो.