विद्यापीठाकडे मदत मागताना: रोबोटिक्स संघाच्या मार्गदर्शकाचा अनुभव

आमच्या शाळेच्या रोबोटिक्स संघाने ‘फर्स्ट टेक चॅलेंज’ या शालेय विद्यार्थ्यांच्या रोबो स्पर्धेत उतरायचे ठरवले, तेव्हा मार्गदर्शक म्हणून मी विद्यापीठाच्या यांत्रिकी अभियांत्रिकी विभागाला पहिले पत्र लिहिले. विद्यार्थ्यांची जिद्द, विज्ञानाची आवड, समाजाची गरज असे सगळे त्यात होते. नेमके काय हवे आहे, एवढेच नव्हते. महिनाभर उत्तर आले नाही. तेव्हा मी रागावलो होतो. आज ते पत्र वाचले की त्याला कोणी काय उत्तर द्यावे, हे मलाही सुचत नाही.

दुसरे पत्र एका पानाचे होते. सामना सुरू होताना रोबो 18 इंचांच्या घनात बसला पाहिजे, आधी 30 सेकंद त्याने स्वयंचलित रीतीने काम करायचे असते आणि पुढची 2 मिनिटे विद्यार्थी तो चालवतात, हे सांगून मी तीनच गोष्टी मागितल्या: आठवड्यातून एकदा दोन तास कार्यशाळा, अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या कापण्यासाठी यंत्र आणि प्रोग्रॅमिंग समजावणारा एक विद्यार्थी. पैसे मागितले नाहीत. आठवड्याभरात विभागप्रमुखांनी भेटीला बोलावले.

मात्र होकार मिळाल्यानंतरची कागदपत्रे हीच खरी परीक्षा ठरली. मुले अल्पवयीन असल्याने पालकांची संमतिपत्रे, अपघात विम्याचा पुरावा, शाळेचा एक शिक्षक सतत हजर राहील याची लेखी हमी आणि सुरक्षा प्रशिक्षण एवढे सगळे पूर्ण होईपर्यंत यंत्रांना हात लावण्याची परवानगी नव्हती. यात पाच आठवडे गेले. स्पर्धेचा त्या वर्षीचा खेळ सप्टेंबरमध्ये जाहीर होतो आणि हे काम मी त्यानंतर हाती घेतले, ही चूक सर्वस्वी माझी होती. प्रशिक्षण देणारे कार्यशाळेतील तंत्रसहायक मात्र आम्हाला कोणत्याही प्राध्यापकाइतकेच उपयोगी पडले. ड्रिलिंग यंत्रावर काम करताना हातमोजे का घालू नयेत, हे त्यांनी एका फाटक्या हातमोज्यावरून असे समजावले की मुलांना पुन्हा सांगावे लागले नाही.

विद्यापीठाच्या मदतीचे खरे मोल रोबोचा हात वारंवार खाली येऊ लागला तेव्हा कळले. मुलांना वाटत होते की प्रोग्रॅममध्ये दोष आहे, म्हणून ती रोज आकडे बदलत होती. मार्गदर्शनासाठी आलेल्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीने लॅपटॉप बंद करायला लावला आणि हाताचे वजन करायला सांगितले. ते सव्वा किलो भरले. त्याचा गुरुत्वमध्य सांध्यापासून 40 सेंटिमीटरवर होता, म्हणजे हात आडवा धरण्यासाठीच सुमारे 5 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, लागत होता. मोटार पूर्ण अडल्यावर जेवढा टॉर्क देते, त्याच्या चौथ्या हिश्शात नेहमीचे काम बसवावे, नाहीतर ती तापते आणि बॅटरीचे व्होल्टेजही घसरते, एवढे सांगून गिअरचे गुणोत्तर काढण्याचे काम तिने मुलांवरच सोपवले. तिने ते दहा मिनिटांत काढले असते. मुलांना दोन दिवस लागले.

हे दोन दिवस वाया गेले, असे काही पालकांना वाटले. परंतु स्पर्धेत परीक्षक प्रश्न विचारतात ते मुलांना, आणि 15 पानांच्या अहवालात प्रत्येक निर्णयामागचे कारणही मुलांनीच मांडायचे असते. म्हणूनच विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी पाना आणि कीबोर्ड यांना हात लावायचा नाही, हा नियम आम्ही आपसांत ठरवला. तो एकदाच मोडला, आणि त्या रात्री जोडलेली वायर कुठे जाते, हे दुसऱ्या दिवशी संघात कोणालाच सांगता येईना.

सत्रपरीक्षेच्या तीन आठवड्यांत विद्यापीठाचे विद्यार्थी-मार्गदर्शक येऊ शकले नाहीत. त्यांचे वेळापत्रक आधीच विचारून घ्यायला हवे होते. यंदा परवानगीचा अर्ज खेळ जाहीर होण्याच्या तीन महिने आधी दिला आहे आणि त्यात एका मागणीची भर घातली आहे: तिसऱ्या वर्षाच्या मार्गदर्शकाबरोबर पहिल्या वर्षाचाही एक विद्यार्थी द्यावा, म्हणजे आधीचे मार्गदर्शक पदवी घेऊन गेल्यावर आम्हाला नव्याने ओळखी काढत बसावे लागणार नाही.