जुईची हुंडी अखेर भिजली

आज सकाळी जुईला तीन नवे फुटवे दिसले! मागच्या वेळी लिहिलं होतं, १२ इंची कुंडीतून १६ इंचीत हलवल्यापासून ती रोज पानं गाळतेय. तो गुंता सुटला.

तीन आठवडे मी पाण्यापाशीच अडकले होते. वरची माती बोटाला ओली, कुंडीखालून पाणी वाहतंय, तरी दुपारी शेंडे माना टाकायचे. मुळं कुजत असतील म्हणून चार दिवस पाणी तोडलं, तर उलट जास्त पानगळ झाली. मग बुरशीनाशक ओतलं, तेही वाया. शेवटी कुंडी आडवी करून वेल बाहेर काढला आणि हुंडीत, म्हणजे मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्यात, स्क्रूड्रायव्हर खुपसला. इंचभर गेला आणि अडला. बाहेरचं माझं कोकोपीट-गांडूळखताचं मिश्रण ओलंगच्च, आतली नर्सरीची काळी माती मात्र ढेकळासारखी कोरडी!

आपली सोलापूरची काळी माती वाळली की आक्रसते, शेतात भेगा पडतात तशी. उन्हाळाभर गच्चीवर तापलेली हुंडी मी जूनमध्ये तशीच कोरडी उचलून नव्या कुंडीत ठेवली होती. तिच्याभोवती फट राहिली आणि पाणी त्या फटीतून सरळ खाली जात होतं. हुंडी फुटू द्यायची नाही, हे मी इतकं जपलं की तेच अंगाशी आलं.

मग घमेल्यात पावसाचं पाणी घेऊन हुंडी पूर्ण बुडवली. बोअरचं पाणी मुद्दाम टाळलं, जुन्या कुंडीच्या काठावर त्याचा पांढरा थर बसलाय. पाऊण तास बुडबुडे येत होते. संध्याकाळपर्यंत तशीच ठेवली. नंतर बांबूच्या काडीने कडेची निम्मी काळी माती हळूहळू मोकळी केली, गोल फिरलेली मुळं कापली, वरचा वेलही निम्मा छाटला. कळ्यांसकट छाटताना जीव तुटला, पण एवढ्या मुळांवर तेवढा वेल जगला नसता. नव्या मिश्रणात या वेळी एक हिस्सा चाळलेली काळी माती घातली, म्हणजे आतबाहेर ओल सारखी धरेल. काडीने ठासून पोकळी भरली आणि कुंडी जिन्याखाली सावलीत ठेवली. त्याला आज बारा दिवस झाले.

जुनी काळी प्लॅस्टिकची कुंडी आता नकोच. पश्चिमेच्या बाजूची मुळं तपकिरी, पोकळ झाली होती; आपल्या उन्हात मातीचीच कुंडी बरी, जड असली तरी. बांधायला नायलॉन दोरीही बंद केली. शेजारच्या काकू मागावरच्या चादरींच्या सुती चिंध्या देतात, त्या वेलाला काचत नाहीत.

पुढच्या आठवड्यात मधुमालती २० इंचीत हलवायची ठरवली होती. पण लिहिता लिहिता वाटतंय, तिला मोठी कुंडी कशाला? तिचा वेल खिडकीच्या गजांत इतका गुंतलाय की तो सोडवताना निम्मा मोडेल. त्यापेक्षा आधी हुंडी भिजवून कडेची दोन इंच माती-मुळं खुरप्याने कापून काढेन आणि त्याच कुंडीत नवं मिश्रण भरेन. वेल जागेवरून हलवावाही लागणार नाही. कृष्णकमळाला मात्र हात लावत नाही, त्याला कळ्या आल्यात.

उद्या मधुमालतीच्या हुंडीत स्क्रूड्रायव्हर घालून बघते.