खुराक तेवढा राहिला

कोल्हापुरात कुणालाही पैलवान म्हणतात. रिक्षावाला गिऱ्हाइकाला म्हणतो, चहावाला कॉलेजच्या काडीपैलवानाला म्हणतो, आणि पट्ट्याचं शेवटचं भोक गाठलेल्या माझ्यासारख्यालाही ऑफिसातला शिपाई "काय पैलवान, आज उशीर?" असं विचारतो. यात चेष्टा नसते. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, पेठापेठांत तालमी नांदल्या, १९१२ साली खासबागचं मैदान तयार झालं, आणि शरीर हा या गावात चारचौघांत बोलायचा विषय झाला. इथं कुणी चार किलो वजन उतरवलं तर अभिनंदन होत नाही. "आजारी होतास काय रं?" हा पहिला प्रश्न, आणि "जरा खात जा" हा लगेच सल्ला.

खाण्यात आम्ही कमी पडत नाही. संध्याकाळी गंगावेशीत दूधकट्ट्यावर म्हशी उभ्या असतात, गवळी समोर धार काढतो आणि फेसाळ ग्लास हातात देतो. रंकाळ्याला फेरी मारून आलेली मंडळी तिथं हमखास थांबतात. आता हिशेब बघा. म्हशीच्या पाव लिटर दुधात साधारण अडीचशे कॅलरी. सत्तर किलोच्या माणसाला तेवढ्या जाळायच्या तर पाचेक किलोमीटर चालावं लागतं. म्हणजे तासभर चालून जे कमावलं ते कट्ट्यावर दोन घोटांत परत, वर मिशीला फेस. दुधाला मी नावं ठेवत नाही. दूध उत्तमच आहे. फक्त ते ज्याच्यासाठी ठरवलं होतं तो माणूस वेगळा होता.

तो माणूस पहाटे चारच्या सुमाराला उठायचा. अजूनही उठतो, मोतीबाग, गंगावेस, शाहूपुरी या तालमींत पहाटे डोकावलं तर दिसतो. आधी जोर, मग बैठका, त्याही शेकड्यांनी. मग आखाड्यात उतरायचं. तिथली लाल माती म्हणजे नुसती माती नव्हे, तिच्यात ताक, लिंबू, हळद, तेल, कापूर मुरवलेला असतो. तिथं लढत, घाम, पुन्हा लढत. त्यानंतर बदामाची थंडाई, दूध, तूप, मटण. दुपारी गाढ झोप आणि संध्याकाळी परत मेहनत. जुन्या निकाली कुस्तीला घड्याळ नव्हतं, एकाची पाठ मातीला लागेपर्यंत चालायची. अशा शरीराला चार लिटर दूध जड जात नाही. आम्ही त्यातली मेहनत वगळली, पहाट वगळली, दुपारची झोप तेवढी रविवारपुरती ठेवली आणि खुराक मात्र जसाच्या तसा चालू ठेवला. इंजीन काढून ठेवलेल्या गाडीत रोज टाकी फुल्ल करण्यासारखं आहे हे.

वस्तादांचं शास्त्र पक्कं असतं, हेही सांगायला हवं. नव्या पोराला ते पहिल्याच दिवशी हजार बैठका मारायला लावत नाहीत. थोड्या मारून घेतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोराच्या मांड्या भरून येतात, जिना उतरताना त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो, आणि मग हळूहळू आकडा चढवत नेतात. आजचे ट्रेनरही हेच करतात, फक्त तक्ता मोबाइलवर असतो. भार थोडा-थोडा वाढवायचा आणि विश्रांती द्यायची, कारण स्नायूची डागडुजी विश्रांतीतच होते.

शिवाय बैठकांमागचं कारण माझ्यासारख्याला जास्त लागू आहे. मांडी आणि नितंबांचे स्नायू शरीरातले सर्वांत मोठे. ते कामाला लागले की रक्तातली साखर ओढून घेतात, आणि त्यासाठी इन्शुलिनवर फारसं अवलंबून राहत नाहीत. तिशीनंतर स्नायू हळूहळू घटायला लागतात, आणि नुसत्या चालण्यानं ती घट पुरती थांबत नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान दीडशे मिनिटं मध्यम व्यायाम सांगते आणि वर दोन दिवस ताकदीचा सांगते. मध्यम म्हणजे बोलता येईल पण गाता येणार नाही इतपत दम लागला पाहिजे. रंकाळ्यावर आमचा ग्रुप गोकुळ दूध संघाची निवडणूक, जावयाची बदली आणि टोलचा जुना वाद असं सगळं एका दमात उरकतो. त्या चालीत गाणं तर म्हणता येईलच, पोवाडासुद्धा होईल.

डोळ्यांनी तब्येत जोखायची आमची सवय मात्र फसवी आहे. याच गावच्या राजाराम कॉलेजात शिकलेल्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत ब्राँझ मिळवलं ते ५७ किलो वजनी गटात. आज ते या रस्त्यावरून गेले असते तर त्यांनाही कुणीतरी जरा खात जा म्हणालं असतं. पुढे महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला २०२४ उजाडलं, आणि ते आणलं राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं, पन्नास मीटर रायफलच्या थ्री पोझिशन प्रकारात. गुडघ्यावर, झोपून, उभं राहून, जड रायफल खांद्याला लावून हलायचं नाही, श्वास आवरायचा. तिथं फुगलेल्या दंडापेक्षा पाठीचा आणि पोटाचा टिकाव लागतो. तिकडे शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम मैदानात उतरते, नावात तालीम आणि पायात फुटबॉल. त्या पोरांना पुन्हापुन्हा धावून पुन्हापुन्हा सावरावं लागतं. भरदार हेवीवेट मल्ल तिथं पहिल्या हाफलाच बाकावर बसेल, आणि चपळ विंगरला मातीत मल्ल एका हातानं झोपवेल. दोघेही फिट, आपापल्या कामाला.

माझं काम म्हणजे आठ तास खुर्ची, दोन मजले जिना, शनिवारी मंडईतून दोन पिशव्या. त्याला पुरेल इतकी तब्येत हवी, शिवाय सत्तरीत पंगतीला मांडी घालून बसता यावं आणि कुणाचा हात न धरता उठता यावं. एवढ्यासाठी सध्या सकाळी खिडकीचा गज धरून बैठका चालू आहेत. दूध निम्म्या ग्लासावर आणलंय. गवळी म्हणाला, "पैलवान, बरं नाही काय?" रविवारच्या मिसळीवर मात्र चर्चा नाही. आमच्या ग्रुपनं तसा ठराव केला आहे: कट हवा तेवढा, ब्रेड दोनच, आणि जो कॅलरी मोजेल त्यानं सगळ्यांचं बिल द्यायचं.